दीडशे रुपयांची रॅली आणि एक रिटायर्ड ड्रायव्हर

तर झालं असं, की मागे सेल लागला तेव्हा मी एक गेम घेतला. ‘व्ही-रॅली ४’. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या ऑफिसातही कुणी ऐकलं नव्हतं. पहिला व्ही-रॅली १९९७ साली प्लेस्टेशनवर आला आणि चांगला गाजला. तिसरा २००२ मध्ये. मग सोळा वर्षं सामसूम. २०१८ मध्ये कायलोटॉन या फ्रेंच स्टुडिओने चौथा काढला आणि लोकांनी नाकं मुरडली. गाडीचं बूड फार फिरतं, जुन्या नावावर खपवलाय, वगैरे वगैरे. मला तो पडला दीडशेच्या आसपास. पेणच्या नाक्यावर चौघांनी वडापाव-चहा केला तरी एवढे जातात.

ऑफिसातला मित्र म्हणाला, “अरे, थोडे जास्त टाकून चांगला घ्यायचास ना! रिव्ह्यू बघत नाहीस का?”

बघतो की. दिवसभर तेच करतो. हॉटेल, हेडफोन, डॉक्टर... आता तर सिनेमाला जायच्या आधीही आपण तारे मोजतो. पण रॅलीच्या गेमला हा हिशोब लागू पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगतो.

क्रिकेट किंवा नेमबाजीचा ऑनलाइन गेम लोकप्रिय नसेल तर तो मेला. समोर खेळायला माणूसच नाही! रॅलीत समोर कुणी नसतंच. सर्किटवर जशा सगळ्या गाड्या एकदम सुटतात तशा इथे सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि जंगलातल्या, डोंगरातल्या रस्त्यावर घड्याळाशी एकटी लढते. मग बाकी दहा लाख लोक तो गेम खेळतात की दहा, मला काय फरक पडतो? उलट, ज्याला सगळे चांगला म्हणतात त्या ‘डर्ट रॅली २.०’चा करिअर मोड इंटरनेटशिवाय चालत नाही. पेणमध्ये पावसाळ्यात शनिवारी दुपारी लाइट आणि नेट दोन्ही एकदम असणं म्हणजे लॉटरीच. लॅपटॉपची बॅटरी असते, नेटला बॅटरी नाही.

आणि तारे चुकतातही. २००४ चा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ घ्या. ज्याच्या नावाने तो निघाला तो बर्न्स २००१ चा जगज्जेता. गेम इतका अवघड, की बहुतेकांनी पहिल्या झाडावर आपटून सोडून दिला. बनवणारा स्टुडिओही टिकला नाही. पण ज्या मोजक्या लोकांना तो आवडला त्यांनी त्यात नव्या गाड्या आणि नवे रस्ते घातले, फिजिक्स सुधारलं. वीस वर्षं उलटून गेली तरी तो खेळला जातो. कोड लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे?

असो. खरी गोष्ट वेगळीच आहे.

माझे बाबा टेम्पो चालवायचे. पेणमध्ये टेम्पो म्हटलं की गणपती आलेच. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती उचलायच्या, पेंढ्यात बसवायच्या आणि वडखळ, नागोठणे करत भिसे खिंडीतून रोह्याला पोचवायच्या. रॅलीच्या बरोब्बर उलटा धंदा! एक खड्डा चुकला आणि सोंडेला तडा गेला, तर त्या फेरीचं भाडं गेलं. आठवीत असताना एक सीझन मी त्यांचा क्लीनर होतो. डाव्या बाजूला बसायचं, खिडकीतून मान बाहेर काढायची आणि ओरडायचं, “येऊ दे, येऊ दे... डावीकडे मोरी... बस!” मी काय ओरडतो ते त्यांनी कधीच तपासून पाहिलं नाही. “बस” म्हटलं की गाडी थांबायची.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. टेम्पो विकला. तेव्हापासून ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना ते नावं ठेवतात. मी शनिवारी ऐरोलीहून घरी येतो. “काय, कसं काय?” “बरंय.” एवढ्यात आमचा संवाद संपायचा.

त्या दिवशी मी लॅपटॉप टीव्हीला लावून खेळत होतो. मलेशियाची स्टेज. हिरवंगार जंगल, चिखल, अगदी आपला कोकणच. मी तिसऱ्यांदा खड्ड्यात. मागून आवाज आला, “कोण बडबडतोय तो?”

सांगितलं, की तो को-ड्रायव्हर. रॅलीत शेजारी एक माणूस असतो. शर्यतीआधी दोघं रस्ता हळू फिरून पाहतात, प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतात आणि शर्यतीत तो ती वाचून दाखवतो. वळण दिसायच्या आधी ड्रायव्हरने त्याच्या शब्दावर गाडी टाकायची.

“म्हणजे क्लीनर,” बाबा म्हणाले. “बंद कर त्याला. मला रस्ता दाखव.”

मग आम्ही रेकी केली! तीच स्टेज चार वेळा, सायकलच्या स्पीडने. बाबांनी चष्मा लावून जुन्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘उजवी, दुसरा गिअर. सोड. डावी, तिसरा, झाड धरून. चढ संपला की लगेच उजवी, घाई नको.’ वळणाला गिअरचा आकडा देण्याची पद्धत खरे रॅलीवालेही वापरतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तेवीस वळणं झाली.

पाचव्या वेळी मी जोरात सुटलो आणि ते वाचत गेले. चढापाशी पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी ब्रेक मारणार, तेवढ्यात ते ओरडले, “जाऊ दे, मोकळा आहे!” जाऊ दिली. होता मोकळा. त्या स्टेजवर आमचे चौदा सेकंद वाचले.

आता दर शनिवारी एक स्टेज होते. डायरी भरत आलीय. गाडीचं बूड अजूनही फिरतं, रिव्ह्यूवाले त्या बाबतीत खोटं बोलत नव्हते. पण आमच्या घरात शनिवारी दुपारी काय कमी होतं ते त्यांना कसं माहीत असणार? मित्राला माझं उत्तर एवढंच. तारे मोजायला हरकत नाही, पण दीडशे रुपयांची वस्तू असेल तर एकदा स्वतः चालवून बघ.

बाबांचा रिव्ह्यू मात्र वेगळा आहे. गेल्या शनिवारी स्टेज संपल्यावर त्यांनी विचारलं, “यात भिसे खिंड आहे का?”

नाही म्हटलं.

“मग कसला गेम!” म्हणाले आणि डायरीचं पुढचं पान उघडलं.