क्षेपणास्त्रांची उलट खरेदी

माल देण्यापूर्वी घेणाऱ्याची पत पाहावी आणि दिलेला माल त्याच्या खात्यावर मांडावा, हा पेढीचा साधा नियम. 1980 च्या दशकात अफगाणिस्तानात अमेरिकेने जो व्यवहार केला, त्यात या दोन्ही गोष्टी जाणूनबुजून टाळल्या गेल्या.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीन गटांना अमेरिकेने मदत दिली. मात्र आपले नाव कोठेही दिसू नये, अशी तिची इच्छा होती. म्हणून आरंभी सोव्हिएत बनावटीची शस्त्रे चीन व इजिप्तकडून घेतली गेली, सौदी अरेबियाने डॉलरमागे डॉलर घातला आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआयकडे सोपवले गेले. पैसा एकाचा आणि निवड दुसऱ्याची. साहजिकच जनरल झियांच्या राजवटीला सोयीचे असलेले गट पुष्ट झाले. सर्वांत मोठा वाटा मिळाला गुलबुद्दीन हिकमतयार यांना. या गृहस्थांनी 1985 साली अमेरिकेत जाऊनही अध्यक्ष रेगन यांची भेट घेण्यास नकार दिला होता. कर्जदाराने सावकाराच्या ओटीवर येऊन पाठ फिरवावी, तसेच ते होते. तरीही पुरवठा थांबला नाही.

1986 मध्ये स्टिंगर क्षेपणास्त्रे आली. एका माणसाने खांद्यावरून डागावीत अशी ती शस्त्रे, आणि सप्टेंबरमध्ये जलालाबादजवळ त्यांनी सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडली. एकूण दोन हजारांहून अधिक नग वाटले गेले. 15 फेब्रुवारी 1989 रोजी सोव्हिएत माघार पूर्ण झाली. हेतू साध्य झाला, हे नाकारता येत नाही. परंतु हेलिकॉप्टर पाडणारे शस्त्र प्रवासी विमानही पाडू शकते, आणि उरलेले नग कोणाकडे आहेत याचा हिशेब कोणापाशीच नव्हता. काही तर इराणच्या हाती लागले होते.

मग उलट खरेदी सुरू झाली. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसने सुमारे साडेसहा कोटी डॉलर मंजूर केले. फुकट दिलेल्या एकेका नगासाठी 80 हजारांपासून दीड लाख डॉलरपर्यंत भाव मोजला गेला. ही खरेदीही बव्हंशी आयएसआयमार्फतच झाली आणि परत आलेल्या प्रत्येक नगामागे तिला अडत मिळाली! इतके करूनही 1996 च्या सुमारास सहाशेच्या आसपास क्षेपणास्त्रांचा पत्ता लागत नव्हता.

यात सर्वाधिक झळ बसली ती या व्यवहारात कोणीच नसलेल्यांना. 10 एप्रिल 1988 रोजी रावळपिंडीजवळच्या ओझरी येथील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. मुजाहिदीनांसाठी साठवलेली रॉकेटे भर वस्तीत कोसळली आणि सुमारे शंभर माणसे मेली. 1992 नंतर हिकमतयार यांच्या रॉकेटांनी काबूल उद्ध्वस्त केले, हजारो नागरिक प्राणास मुकले.

2003 मध्ये अमेरिकेनेच हिकमतयार यांना दहशतवादी घोषित केले. 2016 मध्ये त्यांनी काबूल सरकारशी करार केला, आणि 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध उठवल्यावर ते त्याच काबूलमध्ये राहावयास परतले.