सानुग्रह की हक्क? अपघाताच्या जबाबदारीचा इतिहास : बैलगाडीपासून भंडाऱ्याच्या शिशू कक्षापर्यंत

१/ ९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. आत १७ बालके होती. ७ वाचली, १० दगावली. लवकरच राज्य शासनाने प्रत्येक मृत बालकाच्या कुटुंबाला ५ लाख रुपये आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. या रकमेचे सरकारी नाव ‘सानुग्रह मदत’.

२/ ‘सानुग्रह’ म्हणजे अनुग्रहासह, कृपापूर्वक. देणाऱ्यावर देण्याचे बंधन नाही आणि घेणाऱ्याचा त्यावर अधिकार नाही, असा या शब्दाचा अर्थ. दुखावलेल्याला राज्याने तातडीने हात द्यावा, यात वावगे काहीच नाही. मात्र ‘हे कोणाच्या जबाबदारीमुळे घडले?’ हा प्रश्न त्या शब्दाआड झाकला जातो. या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि त्याच्या काही खुणा थेट भंडारा जिल्ह्यात सापडतात. हा धागा त्याविषयी.

३/ सुरुवात बैलगाडीपासून. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रस्त्यावरील अपघातांचे एक छोटे प्रकरणच आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, लगाम तुटला, अशा दहा प्रसंगी गाडीमुळे हानी झाली तरी दंड नाही. ‘बाजूला व्हा’ असे गाडीवान ओरडला असेल, तर तोही या दहांपैकीच एक प्रसंग. आजच्या भाषेत हा अटळ अपघात आणि पूर्वसूचना यांचा बचाव होय.

४/ त्यापुढचा नियम अधिक महत्त्वाचा. गाडीवानाच्या अकुशलतेमुळे गाडी भरकटून हानी झाली, तर २०० पण दंड गाडीच्या मालकाला. गाडीवान कुशल असूनही चुकला, तर दंड त्याला. म्हणजे नवख्याच्या हाती कासरा देणाऱ्याला ‘गाडी मी हाकत नव्हतो’ असे म्हणून सुटता येत नाही. जखमी माणसाला बरे होण्यासाठी लागणाऱ्या खर्चालाही याच अध्यायात स्वतंत्र नाव आहे : समुत्थानव्यय.

५/ येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक. पहिली : धर्मशास्त्रात लिहिलेला नियम गावोगावी तसाच पाळला जात होता, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी : हेच ग्रंथ एकाच गुन्ह्याला वर्णानुसार वेगवेगळे दंड सांगतात; म्हणून त्यांचे गौरवीकरण नको. आपल्याला हवी आहे ती फक्त एक नोंद. ‘हाकणारा कोण आणि गाडी कोणाची?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाण या भूमीत जुनी आहे.

६/ आता इंग्लंड. तेथेही १८३७ साली एका गाडीच्याच अपघाताचा निकाल लागला. खाटकाकडे काम करणारा मुलगा जादा माल लादलेल्या गाडीवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. प्रीस्टली विरुद्ध फाउलर या प्रसिद्ध खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने मालकाला मोकळे सोडले. नोकरीतील धोका नोकराने पत्करलेलाच असतो, असा त्या निकालाचा गाभा. त्यातून पुढे असा सिद्धान्त रुजला की सहकाऱ्याच्या चुकीने कामगार जायबंदी झाला तर मालक उत्तरदायी नाही. कारखाने वाढण्याच्या काळात मालकांना याहून सोयीचा नियम मिळाला नसता.

७/ इंग्रजी कायद्यात आणखी एक विचित्र गोष्ट होती. माणूस जखमी झाला तर दावा लावता येई. तो मेला तर दावाही त्याच्याबरोबर मरे. रेल्वेच्या युगात हे असह्य झाले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा अधिकार दिला. भारतात १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, प्राणांतिक अपघात अधिनियम आला. मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी तो होता.

८/ नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. त्या राज्यात भंडाऱ्याचा मुलूखही होता. म्हणजे इंग्रजी अंमल आणि हा कायदा जवळजवळ एकाच वेळी आले. पण कायद्याची अट अशी की दुसऱ्याची गैरकृती, हयगय किंवा कसूर न्यायालयात सिद्ध झाली पाहिजे. वकील, साक्षीदार, तालुक्याच्या खेपा. ज्याचा कमावता माणूस गेला, त्यानेच हे सारे करायचे.

९/ ही अट किती जाचक, हे खाणींनी दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतात मँगनीजचा उद्योग वाढला. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आजही चालतात. चिखल्याची भूमिगत, डोंगरीची उघडी. एका काळी त्या विलायती भांडवलाच्या कंपनीकडे होत्या, १९६२ पासून त्या ‘मॉईल’कडे आल्या. खाणीत छत कोसळते तेव्हा चूक नेमकी कोणाची? आधार देणाऱ्याची, सुरुंग लावणाऱ्याची, मुकादमाची की कंपनीची? ढिगाऱ्याखालच्या मजुराच्या विधवेने हे कसे सिद्ध करायचे?

१०/ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्नच त्याने मागे सारला. अपघात कामातून व कामाच्या ओघात घडला का, एवढेच पाहायचे. नशा किंवा सुरक्षा नियमांची जाणूनबुजून केलेली पायमल्ली असे मोजके अपवाद सोडले, तर मालकाने भरपाई द्यायची. रक्कम वेतनाच्या हिशेबाने ठरलेली. मृत्यू झाल्यास ती आयुक्ताकडे जमा करायची, म्हणजे विधवेला मालकाच्या दारात उभे राहायला नको. सहकाऱ्याच्या चुकीचा तो जुना बचावही भारतात १९३८ च्या कायद्याने रद्द झाला.

११/ या बदलाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. खाणमालक पूर्वीही कधी चार पैसे देत असेल. पण ते दान होते. १९२३ नंतर तेच पैसे देणे झाले. दानासाठी कृतज्ञ राहावे लागते, देण्याची मात्र वसुली करता येते. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. तत्त्व तेच राहिले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन ८ जणांचा मृत्यू झाला. अशा घटनेत कामगाराच्या कुटुंबाला कोणाच्याही कृपेपूर्वी हा जुना हक्क असतो, हे किती जणांना ठाऊक असते?

१२/ रस्त्यावरही हेच तत्त्व उशिरा का होईना पोहोचले. १९८२ च्या दुरुस्तीने मोटार अपघातात चूक सिद्ध न करता काही किमान भरपाई मिळू लागली. आजच्या तरतुदीनुसार अशी भरपाई मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. भंडाऱ्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वाहनाची धडक बसलेल्या सायकलस्वाराला निदान एवढा तरी आधार कायद्यात आहे.

१३/ आता जंगल. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील गावांसाठी उन्हाळ्यातील तेंदूपाने आणि मोहफुले हे रोजचे जगणे आहे. तेथे वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केला तर? वाघाला मालक नाही. पण त्याला मारण्यास कायद्याने बंदी करणारे आणि त्याचे रक्षण करणारे राज्य आहे. म्हणून पीडितांना शासन पैसे देत आले, दीर्घकाळ शासन निर्णयांच्या आधारे. २०२३ मध्ये विधिमंडळाने या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला. कृपेचे हक्कात रूपांतर होते ते असे.

१४/ मग अडते कोठे? हानी करणारे स्वतः राज्यच असते तेव्हा. ‘सार्वभौम सत्तेवर दावा नाही’ हा जुना दगड वाटेत आहे. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पहिली मोठी चीर पाडली. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजुरांच्या हयगयीमुळे एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला होता. खाजगी धंदेवाईकही करू शकेल असे काम सरकार करत असेल, तर सरकारही उत्तरदायी, असे ठरले आणि घोड्याचे ३५० रुपये मिळाले. घोड्यासाठी १८६१ मध्ये जे मान्य झाले, ते माणसासाठी मिळवायला पुढे फार काळ लागला.

१५/ याचा दाखला महाराष्ट्रातलाच. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहून गेला आणि काही दिवसांत ती दगावली. कुटुंबाने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने शासनाविरुद्धचा तो हुकूम रद्द केला. अखेर अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासनाला उत्तरदायी ठरवले. साल १९९६. मध्ये ३३ वर्षे गेली. सरकारी रुग्णालय चालवणे हे शासनाला दाव्यापासून संरक्षण देणारे सार्वभौम कार्य नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

१६/ येथे सानुग्रहाचे समर्थक रास्त मुद्दा मांडतील : ३३ वर्षे थांबण्यापेक्षा काही दिवसांत मिळालेले ५ लाख बरे नव्हेत का? ज्या घरात उद्याची चूल पेटायची आहे, त्या घरासाठी ते नक्कीच बरे. कायद्याची संथ गती हीच सानुग्रहाची खरी ताकद आहे. पण १९२३ च्या कायद्याने दाखवले की वेग आणि हक्क एकत्र नांदू शकतात. रक्कम आधीच ठरलेली, चुकीची अट नाही, जमा करण्याचे बंधन. मालकांवर शंभर वर्षांपूर्वी घातलेले हे बंधन राज्य स्वतःवर घ्यायला कचरते, एवढाच प्रश्न आहे.

१७/ दुसरी हानी अधिक खोल आहे. पैसे कृपेचे ठरले की दोष कोणाचा, हे ठरवण्याचे काम फक्त खातेनिहाय आणि फौजदारी कारवाईवर येऊन पडते. भंडाऱ्यातील आगीनंतर काही अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, परिचारिकांवरही कारवाई झाली. त्यांच्यापैकी कोण किती दोषी, हे चौकशी आणि न्यायालयाने ठरवावे. पण इमारतीतील वीजयंत्रणा आणि अग्निसुरक्षा ही रात्रपाळीच्या परिचारिकेने उभारायची व्यवस्था नव्हे. हाकणाऱ्याकडे पाहून झाले. गाडी कोणाची, हा दुसरा प्रश्न बाकी राहतो.

१८/ दिशा बदलू शकते, याची चिन्हे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमांसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. ती रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याचीही मुभा ठेवली. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका. खड्ड्याबाबत हे होऊ शकते, तर सरकारी दवाखान्याच्या कक्षाबाबत का नाही?

१९/ म्हणून मागणी साधी आहे. शासकीय रुग्णालय, शाळा, वसतिगृह, पूल, रस्ता येथे कोणी जखमी झाले वा दगावले, तर वन्यप्राण्यांच्या हल्ल्याप्रमाणेच ठरलेली भरपाई कायद्याने, मुदतीत आणि चूक सिद्ध करण्याच्या अटीविना मिळावी. दोषाची चौकशी तिच्या गतीने वेगळी चालावी आणि तिचा निष्कर्ष लोकांना वाचायला मिळावा. तातडीची मदत द्यावीच, मात्र ती या हक्काचा पहिला हप्ता म्हणून.

२०/ इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढच्या अपघाताची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. जाहीर झालेली रक्कम कोणत्या कायद्याखाली आहे? कारवाई हाकणाऱ्यावर झाली की गाडीच्या मालकावरही? आणि समुत्थानव्यय, म्हणजे पुन्हा उभे राहण्याचा खर्च, त्यात धरला आहे का? भंडाऱ्यातील त्या १० घरांना पैसे मिळाले म्हणून हे प्रश्न संपलेले नाहीत. ते विचारत राहणे ही आपलीही जबाबदारी आहे.