चिखल धुवा, पण जरा बेताने!

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की शनिवारी रात्री मुलंमुली पाठीला सॅक अडकवून राजगड, हरिश्चंद्रगड गाठतात आणि रविवारी रात्री आपल्या दारात चिखलाचा ढीग येऊन पडतो. भटकणारी कधी लेक असते, कधी सून, तर कधी आपण स्वतःच! त्या ढिगाकडे पाहून हात सवयीने कपड्यांच्या पावडरीकडे जातो. नेमकं तिथंच थांबायचं. भरपूर पावडर, गरम पाणी आणि कडक ऊन या आपल्या एरवीच्या चांगल्या सवयी या सामानाच्या मुळावर येतात.

प्रश्न नुसता पैशांचा नाही, बरं का. भिजलेल्या अंगाला गडावरचा वारा लागला की शरीराची ऊब झपाट्याने कमी होते. उतरणीवर बुटाचा तळ सुटला तर ओल्या कातळावर पाय ठरणार कसा? तेव्हा ही धुलाई म्हणजे एक प्रकारे जिवाची काळजीच.

पावसाळी जाकीट : चांगल्या जाकिटाच्या आत पाणी अडवणारा बारीक पडदा असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी शोधलेल्या पदार्थापासून बनत आलेलं गोरटेक्स हा त्यातलाच प्रकार. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. याखेरीज बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा पातळ लेप असतो. मळ किंवा साबणाचा अंश राहिला, की हा लेप काम करीत नाही. वरचं कापड पाणी पितं, घाम आतच कोंडतो आणि आपण म्हणतो, "जाकीट गळतंय!"

म्हणून आधी आतल्या पट्टीवरच्या सूचना वाचा. खिसे रिकामे करा, चेन लावा. कोमट पाण्यात थोडासाच पातळ साबण घालून हलक्या हाताने धुवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा खळबळून काढा. कपडे मऊ करणारं द्रव्य, ब्लीच यांना अजिबात हात लावू नका. पिळू नका, सावलीत निथळू द्या. वाळल्यावर, पट्टीवर इस्त्रीला परवानगी असेल तरच, वर सुती फडकं टाकून अगदी मंद इस्त्री फिरवा. त्या उबेने लेप पुन्हा कामाला लागतो. एवढं करूनही पाणी मुरत असेल, तर गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा फवारा धुतलेल्या जाकिटावर मारा.

साध्या प्लास्टिकच्या रेनकोटला मात्र इस्त्री कधीही नाही! तो ओल्या फडक्याने पुसून वाळवला की झालं. जाकिटाच्या आतला थर चिकट होऊन पापुद्रे सुटू लागले असतील, तर फवाऱ्याचा उपयोग नाही. ते बाजारात जायला ठेवा, डोंगरावर नको.

जाकिटाच्या आत काय घालायचं तेही सांगते. सुती कपडा आणि जीन्स भिजल्या की लवकर वाळत नाहीत आणि अंग गार करतात. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. धनगर पावसात घोंगडी पांघरतात ते उगीच नव्हे!

बूट : हे त्याच रात्री धुवायचे. नाडी आणि आतला तळवा काढा, जुन्या ब्रशने खाचांतला चिखल पाण्याखाली घासा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदलत राहा. वाळवायचे ते पंख्याखाली. शेगडीजवळ ठेवलेत तर डिंक सुटतो, चामडं तडकतं. बुरशी दिसलीच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. चामड्याला खोबरेल तेल चोपडण्यापेक्षा बुटांचं मेण लावा. तेलाने चामडं फार मऊ पडतं.

आणखी एक. "महागाचे आहेत" म्हणून माळ्यावर जपून ठेवलेले बूट फसवतात. बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत तो न वापरताही वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातो आणि चालताना अचानक त्याचा भुगा होतो. बूट अधूनमधून वापरलेले बरे.

सॅक : यंत्रात घालू नका. मोरीत उलटी करून कप्पे झटका, खाऊचा चुरा काढा आणि मऊ ब्रशने धुऊन टांगून ठेवा. वरचं कव्हर असलं तरी पाठीकडून पाणी शिरतंच. म्हणून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून कोरडे कपडे तिच्यात भरा. इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

तंबू आणि स्लीपिंग बॅग : तंबू घरी आणल्याबरोबर उलगडा, बैठकीच्या खोलीत दोरी बांधावी लागली तरी चालेल. ओल्या घडीत बुरशी धरते आणि कडक उन्हात नायलॉन कमजोर होतं. स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत कोंबून महिनोन्‌महिने ठेवू नका. गादीचा कापूस दबला की ऊब जाते ना, तसंच हे. जुन्या दुलईच्या खोळीत सैलसर ठेवा.

घरात चढाईचा दोर असेल तर तो न्हाणीघरातल्या ॲसिडच्या बाटलीपासून लांबच हवा. ॲसिडची नुसती झळही नायलॉनला घातक, आणि ते नुकसान डोळ्यांना दिसेलच असं नाही.

आता शुक्रवारची परीक्षा. जाकिटाच्या खांद्यावर पेलाभर पाणी ओता : मोती होऊन घरंगळलं तर पास. बूट दोन्ही हातांनी वाकवा : तळाच्या कडेला फट दिसली तर नापास, मोच्याकडे न्या. बॅटरी लावून पाहा आणि घरी आल्यावर तिच्यातले सेल काढून ठेवा.

आणि हो, हे सगळं आपणच करायचं असं मुळीच नाही हं! ज्याचे बूट त्यानेच ते घासावेत. हे पान कापून मोरीच्या दाराला चिकटवा आणि ब्रश भटक्यांच्या हाती द्या. ज्याने आपला बूट स्वतः घासला, त्याला त्याची फट घरीच दिसते, डोंगरावर नाही.