विश्लेषण : गुलाबाचा नवा रंग इतका महाग का? काय आहे १४, २१ आणि २८ चे गणित…

जानेवारी संपत आला की मावळातील पॉलिहाऊसमध्ये ‘व्हॅलेंटाइन डे’च्या तोडणीची धांदल सुरू होते. परदेशी जाणाऱ्या फुलांत ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’ अशा लाल वाणांना मागणी असते. देशातील बाजाराला पिवळा, केशरी, पांढरा, दुरंगी असे सगळेच लागतात. ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली असली, तरी बहुतेक वाणे युरोपातील पैदासकारांची आहेत आणि त्यांच्या रोपामागे रॉयल्टी मोजावी लागते. एखादा रंग फुलात उतरवणे एवढे कठीण का असते? याचे बरेचसे उत्तर गुलाबाच्या गुणसूत्रांच्या संख्येत दडले आहे.

१४ आणि २८ मध्ये फरक काय?

गुलाबाच्या गुणसूत्रांचा मूळ संच सातचा. अनेक रानगुलाबांत असे दोन संच असतात, म्हणजे १४ गुणसूत्रे. त्यांना द्विगुणित म्हणतात. आपण विकत घेतो ते हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा गटातील गुलाब मात्र बहुतेक चतुर्गुणित असतात. त्यांच्यात चार संच, म्हणजे २८ गुणसूत्रे. परागकणात आणि बीजांडात निम्मी गुणसूत्रे उतरतात. त्यामुळे रानगुलाब आणि बाजारातील गुलाब यांचा संकर केला, की ७ अधिक १४ म्हणजे २१ गुणसूत्रांचे त्रिगुणित रोप मिळते. तीन संचांची समान वाटणी होत नाही. रोप जोमदार वाढते, फुलतेही. पण पराग बहुतांशी निकामी. पैदासकाराच्या दृष्टीने वंश तिथेच खुंटतो.

चार संचांमुळे रंगावर काय परिणाम होतो?

लाल-गुलाबी छटा अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतात, तर पिवळी कॅरोटिनॉइडमुळे. चतुर्गुणित गुलाबात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात. त्यातील किती प्रती कामाच्या, यावर छटा गडद होते किंवा फिकी. एकाच संकरातून निघालेल्या भावंडांत गुलाबीच्या अनेक पायऱ्या दिसतात त्या यामुळेही. बागेची हौस असणाऱ्याला ही चंगळच.

पैदासकाराची अडचण दबून राहणाऱ्या गुणांची असते. पाकळीतील पिवळे द्रव्य तोडणारे एक जनुक गुलाबात असते. त्याची एखादी प्रत जरी चालू राहिली, तरी पिवळा फिका पडू लागतो. गर्द पिवळा हवा तर सगळ्या प्रती बंद हव्यात. दोन्ही पालकांत निम्म्या प्रती चालू आणि निम्म्या बंद असतील, तर द्विगुणित गुलाबात साधारण दर चार रोपांमागे एक रोप तसे निघते. चतुर्गुणितात हेच प्रमाण ३६ मागे एक. हे फक्त एका जनुकाचे झाले. लांब दांडा, कमी काटे, फुलदाणीत टिकण्याचे दिवस, रोगाला तोंड देण्याची ताकद असे गुण त्याच रोपात जुळून यायचे असतील, तर हजारो रोपे लावून त्यातली मूठभरच ठेवावी लागतात. रॉयल्टीत या फेकून दिलेल्या रोपांचा खर्चही असतो.

गर्द पिवळा गुलाब आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हायब्रिड टी गुलाबांत गर्द पिवळा नव्हताच. फ्रान्समधील लियाँचे जोसेफ पेर्ने-दुशे यांनी ‘पर्शियन यलो’ या पिवळ्या गुलाबाचे पराग वापरून वर्षानुवर्षे प्रयत्न केले. ‘पर्शियन यलो’ही चतुर्गुणित, म्हणजे आकडा जुळत होता; तरी बी धरता धरत नव्हते. अखेर १९०० मध्ये त्यांचा ‘सोलेल दॉर’ बाजारात आला आणि आजच्या पिवळ्या-केशरी गुलाबांचे घराणे सुरू झाले. त्याच घराण्यातून एक दुखणेही आले. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला बळी पडण्याची खोड पिवळ्या रंगाबरोबर पुढच्या पिढ्यांत उतरली. पावसाळ्यात बागेतला पिवळा गुलाब आधी पाने का टाकतो, याचे एक कारण सव्वाशे वर्षे जुने आहे.

२१ ची कोंडी फुटते कशी?

कधी निसर्गच फोडतो. ‘मॅक्स ग्राफ’ हा १४ गुणसूत्रांचा संकर जवळजवळ वांझ होता. जर्मनीच्या विल्हेल्म कोर्डेस यांना त्याची मोजकीच बी मिळाली. त्यातील एका रोपात गुणसूत्रे आपोआप दुप्पट होऊन २८ झाली होती, आणि ते रोप चांगले बी धरू लागले. आकडा जुळल्याने बाजारातील गुलाबांशी त्याचा संकर शक्य झाला. गुलाबी ‘मॅक्स ग्राफ’च्या वंशात मग १९५४ मध्ये पिवळा ‘लेव्हरकुसेन’ आणि १९५५ मध्ये लाल ‘डॉर्टमुंड’ आला.

अशा योगायोगाची वाट पाहायची नसेल तर कोल्चिसिनसारखे रसायन कोंबाला लावून संच दुप्पट करता येतात. त्रिगुणित रोपही अगदीच वाया जात नाही. त्यातून अधूनमधून एखादा कामाचा परागकण मिळतो आणि तेवढ्यावर पुढची पिढी उभी राहू शकते. इराण-अफगाणिस्तानातील द्विगुणित ‘रोझा पर्सिका’च्या पिवळ्या पाकळीच्या बुडाशी लाल डाग असतो. तो बागेतील गुलाबात आणण्यासाठी ब्रिटनचे जॅक हार्कनेस झटले. त्यांचे ‘टायग्रिस’ आणि ‘युफ्रेटिस’ अनुक्रमे १९८५ आणि १९८६ मध्ये आले, पण पुढचा वंश वाढवायला तेही अवघडच होते.

मग निळा गुलाब?

तिथे अडचण संचांची नाही. निळे डेल्फिनिडिन तयार करणारे जनुकच गुलाबात नाही. जपानच्या सनटोरीने पॅन्सीचे जनुक घालून केलेला ‘अप्लॉज’ २००९ मध्ये विक्रीस आला; रंग जांभळटच. आपल्याकडे मिळणारा गर्द निळा गुलाब सहसा रंगवलेला पांढरा गुलाब असतो.

भारतातील रानगुलाब कुठे आहेत?

गुलाबावरील संशोधन भारतात नवे नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल स्वतः नावाजलेले गुलाब पैदासकार होते. दिल्लीच्या पुसा संस्थेने ‘किस ऑफ फायर’वर किरणांचा मारा करून पट्टेदार ‘अभिसारिका’ मिळवली. पण उष्ण, दमट हवेला लागणारा काटकपणा ज्यांच्यात आहे, ते रानगुलाब या कामात क्वचितच वापरले गेले. मणिपूरच्या डोंगरांतील मोठ्या फुलाचा ‘रोझा जायगँटिया’ आणि बंगालच्या पाणथळ जमिनीतील ‘रोझा क्लिनोफिला’ हे दोन्ही द्विगुणित.

कोडाईकनालच्या वीरू आणि गिरिजा वीरराघवन या दाम्पत्याने मात्र याच दोन जातींवर दशकानुदशके काम केले. त्यांच्या एका पिवळ्या गुलाबाचे नाव ‘ई. के. जानकी अम्मल’ आहे. ज्या वनस्पतिशास्त्रज्ञ महिलेने पिकांच्या गुणसूत्रांची मोजदाद केली आणि इंग्लंडमध्ये मॅग्नोलियावर कोल्चिसिनचे प्रयोग केले, तिचेच हे नाव.

बागेसाठी असे गुलाब तयार होणे आणि पॉलिहाऊसमध्ये लांब दांड्याचे, टिकाऊ, निर्यातीचे वाण उभे राहणे यात बरेच अंतर आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली गुलाबाच्या वाणाची नोंदणी होऊ शकते, म्हणजे देशी पैदासकारालाही हक्क मिळू शकतो. पण क्लिनोफिलाचे फूल पांढरे, जायगँटियाचे पिवळसर पांढरे. मावळाला व्हॅलेंटाइनसाठी हवा गर्द लाल. तो आणायचा तर २८ गुणसूत्रांच्या गुलाबाशीच संकर करावा लागतो आणि संच आधी दुप्पट केले नाहीत, तर पहिली पिढी बहुधा २१ चीच निघते.