दोष केवळ समुद्राचा नव्हे

निसर्ग कोपला, असे एकदा म्हटले की माणसाची जबाबदारी संपते, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर १९७२ साली जे घडले, ते या समजुतीस छेद देणारे आहे.

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगत व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांनी ढकललेले पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. म्हणजेच दोन्ही बाजूंना विषुववृत्तापासून दूर सरते. त्याची जागा खालचे थंड पाणी घेते. पेरूच्या किनाऱ्यालगतही दक्षिणेकडून येणारे वारे पृष्ठभागाचे पाणी समुद्रात लोटतात आणि खालचे पाणी वर येते. त्यासोबत नायट्रेट, फॉस्फेट अशी पोषकद्रव्ये येतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती, त्या वनस्पतींवर अँकोव्हेटा ही लहानशी मासळी आणि मासळीवर असंख्य समुद्रपक्षी जगतात.

काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात, पश्चिमेकडील उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि त्याचा थर जाड होतो. मग वर येणारे पाणीही उबदार व निकस असते. नाताळच्या सुमारास जाणवणाऱ्या या प्रवाहाला तेथील कोळ्यांनी ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले.

१९७२ साली असाच प्रबळ एल निनो आला. परंतु संकटाची तयारी माणसाने आधीच करून ठेविली होती. वर्षाला सुमारे ९५ लाख टनांपेक्षा अधिक मासळी धरू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला असताना १९७० साली १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासळी पकडली गेली. तीपैकी बहुतेक माणसांच्या ताटात न जाता तिची भुकटी होऊन परदेशी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात गेली. १९७३ साली हा आकडा २० लाख टनांच्या आसपास घसरला. त्यातून पूर्णपणे सावरण्यास सुमारे दोन दशके लागली.

त्याच १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते. तथापि तो अटळ नियम नव्हे. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. पाऊस माणसाच्या हाती नाही, हे खरे. परंतु त्या दुष्काळाच्या अनुभवातूनच कामाच्या हक्काला बळ मिळाले आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा संमत केला.

पेरूनेही धडा घेतला. २०२३ साली एल निनोच्या काळात पाहणीत मासळीची पिले मोठ्या प्रमाणावर आढळताच तेथील सरकारने मासेमारीचा पहिला मुख्य हंगामच रद्द केला. निर्णय योग्यच होता. मात्र अशा निर्णयाचा भार नावेवर आणि कारखान्यात राबणाऱ्यांनीच वाहावा, हे न्याय्य नव्हे.

आज महासागरातील तरंगते मापक व उपग्रह यांमुळे एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. पूर्वसूचना मिळाली नाही, ही सबब आता चालणार नाही. सुगीच्या वर्षी हव्यासाला आवर घालणे आणि टंचाईच्या वर्षी श्रमिकाची चूल पेटती ठेवणे, ही दोन्ही कामे समुद्राची नव्हेत. ती शासनाची व समाजाची आहेत.