ओट्यावरचा उन्हाळा आणि साडेबाराचा मुहूर्त

उन्हाळ्याला शिव्या घालण्याची हल्ली रीतच पडली आहे. दवाखान्यात येणारा माणूस खुर्चीवर बसता बसता "काय हा उकाडा, डॉक्टर!" म्हणतो आणि मग आपल्या दुखण्याकडे वळतो. उकाडा आहेच. समुद्राचा वारा शहापूर-मुरबाडपर्यंत येतो तोवर त्यातला गारवा संपलेला असतो, दमटपणा तेवढा उरतो. तरीही आपल्या पेठेतल्या, आळीतल्या उन्हाळ्यासारखे सुख मुंबईच्या माणसाला पैसे मोजूनही मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यातली बाजारपेठेतली सकाळ आठवून पाहा. माहुलीच्या बाजूने ठाकूर-कातकरी बायका करवंदांच्या, जांभळांच्या टोपल्या घेऊन येतात आणि पानाच्या द्रोणात माप घालून देतात. घराघरांत रायवळ आंबे बादलीत भिजत पडलेले असतात. दुपारी एकच्या सुमारास दुकानांच्या फळ्या लागतात आणि गाव गुडूप झोपते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडले की ओटे भरू लागतात. वाळलेल्या कुरडया गोळा करीत गप्पा, पोरांचे क्रिकेट, आणि वीज गेली की सारी आळी बाहेर! टीव्ही बंद पडल्यामुळे शेजाऱ्याची विचारपूस होते, हा वीज जाण्याचा एकमेव फायदा.

वाचकहो, ही नुसती मौज नाही, यात बरेचसे शहाणपण आहे. आपले शरीर मुख्यतः घाम वाळवून थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून आपल्याकडे ३८ अंशांतही जीव कासावीस होतो. अशा वेळी भर दुपारी अंगमेहनत टाळणे आणि रात्री शरीराला निवू देणे महत्त्वाचे. स्लॅबचे घर दिवसभर ऊन पिते आणि रात्री तेच आपल्या अंगावर सोडते. कौलारू घर लवकर निवते. स्लॅब बांधला म्हणून कोणी तो पाडणार नाही, पण छताला पांढरा चुना मारायला कोणाची हरकत आहे? आणि ओट्यावर बसायला लाज कसली? नव्या बंगल्यांना ओटाच ठेवत नाहीत, हे मला आरोग्याच्या दृष्टीनेही खटकते. एकटा म्हातारा बंद खोलीत उकडत पडला, तर ते कळणार कोणाला?

कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, मीठ घातलेले ताक, नाचणीची आंबील ही पेये बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा केव्हाही सरस. मधुमेहींनी पन्ह्यापेक्षा ताक घ्यावे. रक्तदाबवाल्यांनी मिठाचा हात आखडता ठेवावा. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसते. कावीळ आणि जुलाब तिथूनच घरी येतात.

अंगणात जरूर झोपा, पण खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. भगताकडे वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

हे सुख सर्वांच्या वाट्याला येत नाही. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आपल्या तालुक्यात, भातसाही आपल्याच तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि इथल्या कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत उन्हात उभ्या राहतात. पाणी वाहणारी बाई स्वतः पाणी कमी पिते. लघवीची जळजळ, मूतखडा घेऊन ती येते. टँकर येणारच असेल तर तो सकाळी नऊच्या आत यावा, एवढे तरी करता येण्यासारखे आहे.

आणि आता लग्ने. इतर दिवशी दुपारी झोपणारे शहाणे गाव एप्रिल-मेमध्ये साडेबाराच्या मुहूर्तावर जाते. अक्षता पडायला दीड वाजतो. आजी सकाळी नुसत्या चहावर टेम्पोत बसलेली असते. मांडवात बायकांसाठी आडोसा नाही, म्हणून ती मुद्दाम पाणी पीत नाही. पुढे डीजेसमोर वरात, आणि वर पत्र्याचा मांडव. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लोक भर उन्हात तासन् तास बसले होते; उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच असल्याच्या बातम्या होत्या. ते मैदान मोठे होते, एवढाच काय तो फरक.

मांडवात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असतो. कांदा हुंगवू नये. तापाच्या गोळीचाही उपयोग नाही. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर बादलीने पाणी ओतून जोराने वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

गोरज मुहूर्त आपल्याकडे परका नाही. कित्येक गावांत लग्ने संध्याकाळीच लागतात. मग दुपारचा हट्ट कशासाठी? जेवणावळ लवकर उरकते म्हणून, आणि हॉलवाल्याला संध्याकाळी दुसरे लग्न घेता येते म्हणून. वधूपित्याने भटजींना विचारण्याआधी आपल्या आईला विचारावे, तिला कोणती वेळ झेपेल. आणि दुपारच टळत नसेल, तर डीजेच्या पैशांतून मांडवाशेजारी बायकांसाठी आडोसा आणि पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप तरी ठेवावेत.