साखेच्या बळावर उभे राहिलेले बेट : सिंगापूर

१८२२ साली सिंगापूरमधील एका कापडाच्या पेढीला आग लागली आणि सारा माल भस्मसात झाला. पेढीचे मालक होते नारायण पिल्लै. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १८१९ मध्ये, स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्याबरोबर ते पेनांगहून ह्या नव्या वसाहतीत आले होते. प्रथम त्यांनी विटांची भट्टी घातली आणि नंतर सुती कापडाचा व्यापार सुरू केला. आगीनंतर हाती उरले ते केवळ कर्ज. पिल्लै गाव सोडून गेले नाहीत. ते रॅफल्स यांच्याकडे गेले, व्यापारी चौकात नवी जागा मिळवली आणि व्यवसाय पुन्हा उभा केला. पुढे १८२७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मरिअम्मन देवीचे मंदिर उभे राहिले. आजही साउथ ब्रिज रोडवर ते मंदिर पाहावयास मिळते.

माल जळाला, परंतु साख शिल्लक होती. ज्याच्याजवळ भांडवल नाही, त्याने साख तरी सांभाळावी, हे व्यापारी घरांतील जुने शहाणपण होय. सिंगापूरचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी ह्याच शहाणपणाचा विस्तार आहे. त्या बेटावर खाण नाही, विस्तीर्ण शेती नाही, मोठी नदी नाही. तरीही जगातील अत्यंत संपन्न राष्ट्रांत त्याची गणना होते. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही समजून घेण्याजोगे आहे.

वाटेवरचे बंदर

मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दक्षिण टोकाशी हे बेट आहे. भारत आणि चीन यांच्यामधील जलमार्ग येथूनच जातो. रॅफल्स यांनी येथे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसवले, तेव्हा त्यांनी एक धाडसी नियम केला : बंदरात येणाऱ्या मालावर जकात नाही. आसपासची डच बंदरे कर आणि निर्बंध यांसाठी प्रसिद्ध होती. साहजिकच चिनी, मलय, बुगी, अरब, तमिळ आणि गुजराती व्यापाऱ्यांची गलबते सिंगापूरकडे वळू लागली. मार्केट स्ट्रीटवर चेट्टियार सावकारांच्या गाद्या बसल्या. तमिळ, मलय, चिनी अशा निरनिराळ्या बोली बोलणारे लोक एकाच बाजारात सौदे करू लागले.

१८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहून चालत असे. त्यामुळे भारतातील जन्मठेपेचे कैदीही तेथे पाठवले जात. रस्ते, पूल आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलसारखी भव्य वास्तू त्यांच्या श्रमांतून उभी राहिली. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांनाच इतर कैद्यांवर देखरेखीचे काम देण्याची पद्धत तेथील तुरुंगात होती. ज्यांच्यावर समाजाने अविश्वास दाखवला, त्यांच्यावर जबाबदारी टाकून त्यांना माणसात आणण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र नगराची आखणी करताना इंग्रजांनी जमातींना वेगवेगळे ठेवले. चिन्यांचा विभाग निराळा, मलय व अरबांचा कंपोंग ग्लाम निराळा, भारतीयांचा निराळा. बाजारात सर्वांची गाठ पडे. संध्याकाळी मात्र प्रत्येक जण आपल्या वस्तीत परते. ह्या वेगळेपणाचे दुष्परिणाम पुढे शतकभराने दिसले.

छत्तीस बळी आणि अनपेक्षित स्वातंत्र्य

१९४२ ते १९४५ ह्या काळात जपानी सत्तेखाली सिंगापूर होरपळून निघाले. युद्धानंतर टप्प्याटप्प्याने स्वराज्य आले आणि १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियाच्या संघराज्यात सामील झाले. जुलै १९६४ मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मलय आणि चिनी यांच्यात दंगल उसळली. सप्टेंबरमध्ये पुन्हा रक्तपात झाला. दोन्ही दंगलींत मिळून ३६ माणसे मृत्युमुखी पडली.

राजकीय मतभेद विकोपाला गेले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूरला मलेशियातून बाहेर पडावे लागले. पंतप्रधान ली कुआन यू यांना त्या दिवशी दूरदर्शनवर बोलताना अश्रू आवरले नाहीत. राष्ट्रे स्वातंत्र्यदिनी आनंदोत्सव करतात. येथे मात्र चिंतेचे सावट होते. पिण्याच्या पाण्यासाठी शेजारच्या जोहोरवर अवलंबून राहावे लागत होते. ब्रिटिश लष्करी तळांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालत होता आणि १९७१ मध्ये ते तळही उठले.

ह्या काळात डच अर्थतज्ज्ञ अल्बर्ट विन्सेमियस यांचा सल्ला मोलाचा ठरला. कारखानदारी वाढवा, हे त्यांनी सांगितलेच. त्याबरोबर रॅफल्स यांचा पुतळा हलवू नका, असेही त्यांनी सांगितले. वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु त्यामागे पक्का व्यापारी विचार होता. सत्ता बदलली तरी जुने करार पाळले जातील, आलेल्या भांडवलाला धोका नाही, ही ग्वाही तो पुतळा जगाला देणार होता. पुतळा राहिला आणि भांडवल आले. आज कंटेनरच्या वाहतुकीत सिंगापूरचे बंदर जगात दुसऱ्या क्रमांकाचे आहे. २०२४ मध्ये तेथून प्रमाण मापाच्या चार कोटींहून अधिक पेट्यांची ने-आण झाली.

एकाच जिन्यावरचे शेजारी

१९६१ मध्ये बुकित हो स्वी येथील झोपड्यांच्या वस्तीला भीषण आग लागली आणि सुमारे १६,००० लोक बेघर झाले. वर्षभरापूर्वीच स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने तेथे बहुमजली इमारती उभारल्या. आज दहांपैकी सुमारे आठ रहिवासी ह्या मंडळाच्या घरांत राहतात आणि त्यांतील बहुतेकांची घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत.

१९८९ मध्ये शासनाने त्यात आणखी एक नियम आणला. प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय, भारतीय व इतर यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे जाता कामा नये. इंग्रजांनी ज्यांना वेगळे केले होते, त्यांना ह्या नियमाने एका जिन्यावर आणले. मुले एकाच अंगणात खेळू लागली. एकाच दारी दिवाळी, ईद आणि चिनी नववर्ष साजरे होऊ लागले.

ह्या सलोख्याची किंमतही आहे आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. एखाद्या इमारतीत चिनी रहिवाशांचे ठरावीक प्रमाण भरले असेल, तर अल्पसंख्य कुटुंबाला आपले घर चिनी ग्राहकाला विकता येत नाही. ग्राहक थोडे, म्हणून भावही कमी. ही अडचण शासनाने मान्य केली आणि २०२२ मध्ये अपवादात्मक प्रसंगी अशी घरे मंडळानेच परत विकत घेण्याची सोय केली.

भाषेच्या बाबतीतही असाच तोल साधलेला दिसतो. नागरिक व कायम रहिवाशांपैकी सुमारे ७४ टक्के चिनी वंशाचे आहेत. तरीही राष्ट्रभाषा मलय आहे आणि राष्ट्रगीतही मलय भाषेतच गायले जाते. कारभार आणि शिक्षण इंग्रजीत चालते, कारण ती कोणत्याही एका जमातीची मातृभाषा नाही. चिनी आणि तमिळ ह्यांनाही राजभाषेचा दर्जा आहे. शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी व उर्दू शिकण्याची मुभा आहे. मराठीचा समावेश मात्र त्यात नाही.

थेंबाथेंबाचा आणि पैशापैशाचा हिशेब

पाण्याच्या परावलंबनावर सिंगापूरने जो उपाय केला, तो काटकसर जाणणाऱ्या प्रत्येक गृहिणीला पटेल. भूभागाच्या सुमारे दोन तृतीयांश क्षेत्रावर पडणारा पाऊस साठवला जातो. वापरलेले सांडपाणी शुद्ध करून २००३ पासून ‘न्यूवॉटर’ ह्या नावाने पुन्हा वापरात आणले गेले. समुद्राचे पाणीही गोडे केले जाते. जोहोरशी असलेला पाणीकरार २०६१ मध्ये संपणार आहे. त्याची तयारी सिंगापूरने कित्येक दशके आधीच सुरू केली.

बचतीलाही सक्ती आहे. ५५ वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून साधारणपणे २० टक्के आणि मालकाकडून १७ टक्के रक्कम भविष्यनिधीत जमा होते. त्यातूनच घर, आजारपण आणि वार्धक्य यांची तरतूद होते. उलट चैनीला लगाम आहे. मोटार घ्यावयाची तर आधी बोली लावून दहा वर्षांचा परवाना मिळवावा लागतो, आणि कित्येकदा तो परवाना मोटारीच्या मूळ किमतीहून महाग पडतो.

साखेची राखण

साख मिळवण्यास पिढ्या लागतात आणि ती जाण्यास एक चोरवही पुरते. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंगापूरमध्येच घडले. लंडनमधील बेरिंग्ज ही १७६२ मध्ये स्थापन झालेली नामांकित पेढी. तिच्या सिंगापूर शाखेतील निक लीसन हा तरुण कर्मचारी ‘८८८८८’ क्रमांकाच्या एका खात्यात सट्ट्यातील तोटा लपवत राहिला. फेब्रुवारी १९९५ मध्ये हा तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला आणि २३३ वर्षांची पेढी बुडाली. मूळ दोष साधा होता. सौदा करणारा आणि त्याची नोंद तपासणारा माणूस एकच होता. कर्तबगार मुलावर किंवा जुन्या मुनिमावर विश्वास अवश्य असावा. परंतु गल्ला आणि वही दोन्ही एकाच हाती असू नयेत, हा धडा लहान दुकानालाही लागू आहे.

लीसनला सिंगापूरच्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा सुनावली. हाच दंडक सत्ताधाऱ्यांनाही लागू केला जातो. भ्रष्टाचाराचा तपास करणारी स्वतंत्र यंत्रणा १९५२ पासून तेथे आहे. २०२४ मध्ये एका माजी मंत्र्याला पदावर असताना मौल्यवान भेटी स्वीकारल्याबद्दल १२ महिन्यांचा कारावास झाला. ज्या कारभारात मंत्र्याच्या भेटवस्तूंचाही जाब विचारला जातो, तेथे करार करताना परदेशी व्यापारी कचरत नाही.

जमा आणि नावे

वहीची केवळ जमेची बाजू वाचणे हा हिशेब नव्हे. सिंगापूरमध्ये १९५९ पासून एकाच पक्षाची सत्ता आहे. वृत्तपत्रे, सभा आणि निदर्शने यांवर कडक निर्बंध आहेत. शिस्त आणि स्वातंत्र्य यांच्या तराजूत शिस्तीचे पारडे कायम जड राहिले.

त्या उंच इमारती बांधणारे बरेचसे मजूर बांगलादेश, भारत आणि चीन येथून येतात. २०२० च्या महामारीत रुग्णांपैकी फार मोठा वाटा दाटीवाटीच्या कामगार वसतिगृहांतील होता. तेव्हा ह्या झळाळीमागचे जिणे जगाला दिसले.

सर्वांत खोल चिंता मात्र घरातली आहे. तेथील जननदर २०२३ मध्ये एकाहूनही खाली, ०.९७ पर्यंत उतरला. समाज झपाट्याने वृद्ध होत आहे. ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही अशा साठीपुढील आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क १९९५ मध्ये कायद्यानेच द्यावा लागला. इमारतीत शेजारी कोण असावा, हे नियमाने ठरवता आले. मुलाने आईची विचारपूस करावी, ही ओढ मात्र कोणत्याही नियमाने निर्माण होत नाही.

आपल्या माणसांचे स्थान

शिक्षण आणि व्यवसाय यांसाठी भारतातील अनेक कुटुंबे आज तेथे स्थिरावली आहेत. महाराष्ट्र मंडळ गणेशोत्सव साजरा करते आणि ‘ऋतुगंध’ हा मराठी अंक काढते. जालान यासीन येथे जैन समाजाची धार्मिक संस्था आहे. मायदेशी निरनिराळ्या मंदिरांत आणि स्थानकांत जाणारे श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि देरावासी तेथे एकाच छताखाली एकत्र येतात. समाज लहान आहे, हे त्याचे एक कारण असेल. परंतु लहान असतानाही तुकडे पडू शकतात. ते पडू दिले नाहीत, ह्याचे श्रेय त्या कुटुंबांचे आहे.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील आंतरधर्मीय संघटनेत दहा धर्मांना स्थान आहे आणि त्यांत जैन धर्मही आहे. संख्येने मूठभर असलेल्यांनाही प्रार्थनेच्या वेळी इतरांच्या बरोबरीने उभे राहता येते. आहाराचाही प्रश्न पूर्वीइतका बिकट नाही. सेरंगून रोडवर १९४७ पासून शाकाहारी भोजनगृह चालत आले आहे आणि चिनी बौद्धांच्या पारंपरिक शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्य मानतात. दूरच्या देशातील अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात आपल्या नियमाशी मिळताजुळता नियम आढळावा, हा सुखद योगायोग आहे.

नारायण पिल्लै यांच्या मंदिरापासून काही पावलांवर जामे मशीद आहे आणि त्याच रस्त्यावर पुढे बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिर आहे. ह्या शेजाराला १९६४ च्या रक्तपाताची आठवण आहे, म्हणूनच तेथे सलोख्याला कोणी गृहीत धरत नाही. रोज संध्याकाळी रोकड मोजून वही मिटवावी, तशी ह्या सलोख्याचीही तेथे रोज मोजदाद होते. आणि ज्या दिवशी हिशेब जुळत नाही, त्या दिवशी वही मिटवली जात नाही.